लालपेठचा रावण

लहानपणी आमच्या घरचा पत्ता सांगणं सोपं होतं : ‘रावणापाशी या, मग डावीकडे वळा.’ चंद्रपूरच्या परकोटाबाहेर, कोळसा खाणीच्या लालपेठ भागात प्रचंड एकसंध दगडी मूर्ती उघड्यावर आहेत. शिवलिंग आहे, गणपती आहे, हनुमान आहे. सगळ्यांत मोठी मूर्ती दहा तोंडांची. दहा तोंडं म्हणजे रावण. यात विचारायचं काय?

पुढे नोकरीसाठी पुण्यात आलो. एका रविवारी घरची आठवण आली म्हणून ऑनलाइन नकाशावर त्या जागी फोटो टाकला आणि नाव लिहिलं, ‘रावण मूर्ती’. ते कुणी तपासलं नाही. मीही नाही.

ती मूर्ती दुर्गेची आहे हे नंतर वाचण्यात आलं. सप्तशतीतली महाकाली दहा मुखांची, दहा हातांची आणि दहा पायांची. महाकाली तर चंद्रपूरचं ग्रामदैवत. चैत्रात तिच्या यात्रेला मराठवाड्यातूनही माणसं येतात. आणि तिच्याच गावात आम्ही देवीला रावण म्हणत मोठे झालो!

मग बाकीचंही तपासायला घेतलं. या जागेला गावात ‘अपूर्ण देवालय’ म्हणतात. रायप्पा नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्यानं भव्य देवालयासाठी मूर्ती घडवून घेतल्या, पण देवालय उभं राहण्याआधीच तो वारला, अशी कथा आहे. १९०८च्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये लालपेठच्या या मूर्तींची नोंद सापडते. त्या कधीही न बांधल्या गेलेल्या देवळासाठी तयार केल्या असाव्यात, असं तिथं म्हटलं आहे. ‘असाव्यात’ हा शब्द महत्त्वाचा. बोलता बोलता आपण तो गाळला आणि तर्काचा इतिहास झाला. मी नकाशावर केलं ते याहून वेगळं नव्हतं.

चंद्रपुरात पूर्ण झालेल्या बांधकामांना धनी आहेत. शहर वसवण्याचं श्रेय गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाला दिलं जातं, बीरशहाची समाधी राणी हिराईनं बांधली. लालपेठच्या दगडांना मात्र कथेतला एक व्यापारी तेवढा मिळाला. एवढ्या अवाढव्य शिळांवर छिन्नी चालवणाऱ्या कारागिरांचं नाव कथेतही नाही.

आज या मूर्ती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. देऊळ उभं राहिलं असतं तर दार, गाभारा, कुलूप आलं असतं. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही, हेही ठरलं असतं. भिंती झाल्याच नाहीत, म्हणून खाणीतून पाळी संपवून घरी जाणाऱ्या माणसालाही या मूर्ती रस्त्यावरून दिसत राहिल्या. आमच्या वस्तीला मिळालेली ही एवढीच कला, आणि तीही न मागता.

नकाशावरची नोंद मी दुरुस्त केली : ‘दशमुखी दुर्गा, स्थानिक नाव रावण’. दुसरा भाग पुसावासा वाटला नाही, कारण तोही इथला इतिहासच आहे. आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, ‘‘बरं केलंस. पण रिक्षावाल्याला दुर्गा म्हणशील, तर तो महाकालीच्या देवळात नेऊन सोडेल.’’