तक्रार कोणाची, स्वातंत्र्य कोणाचे?

अमेरिकन स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास आपल्या पाठ्यपुस्तकांत चहाच्या पेट्या आणि जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यापाशी संपतो. मला तो तिथे संपवता येत नाही. ‘आम्हाला गुलाम करू नका’ असे ब्रिटिश सत्तेला बजावणाऱ्या वसाहतवाल्यांच्या घरांत आणि मळ्यांत गुलाम राबत होते. म्हणून हा इतिहास त्या राबणाऱ्यांच्या बाजूनेही वाचला पाहिजे.

१७६३ साली इंग्लंडने फ्रान्सविरुद्धचे युद्ध जिंकले, पण डोक्यावर कर्जाचा डोंगर झाला. त्याच वर्षी राजाने पश्चिमेकडील मूळ रहिवाशांच्या मुलखात वसाहत करण्यास मनाई केली. जमिनीला हपापलेल्यांची ती पहिली तक्रार. पुढे १७६५ च्या स्टॅम्प कायद्याने वर्तमानपत्रे, दस्तऐवज, एवढेच नव्हे तर खेळायच्या पत्त्यांवरही कर बसला. ज्या पार्लमेंटमध्ये आमचा प्रतिनिधी नाही, तिला आमच्यावर कर लादण्याचा अधिकार काय, असा सवाल वसाहतींनी केला. ब्रिटिश मालावर बहिष्कार पडला आणि १७६६ साली कायदा मागे घ्यावा लागला. मात्र वसाहतींसाठी वाटेल तो कायदा करण्याचा आपला हक्क पार्लमेंटने त्याच वेळी जाहीर केला.

नुसत्या तक्रारीने चळवळ होत नाही, तिला संघटना लागते. १७७२ साली बोस्टनमध्ये पत्रव्यवहार समिती निघाली आणि तशा समित्या गावोगाव पसरल्या. १६ डिसेंबर १७७३ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या बोस्टनच्या बंदरात बुडवल्या गेल्या. पार्लमेंटने १७७४ साली ते बंदरच बंद केले. शिक्षा एका शहराला झाली, पण धडकी साऱ्या वसाहतींना भरली. त्याच सप्टेंबरात बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले. तरीही बहुतेकांची मागणी ‘इंग्रज म्हणून आमचे हक्क द्या’ एवढीच होती. एप्रिल १७७५ मध्ये लेक्झिंग्टनला गोळी सुटली. जानेवारी १७७६ मध्ये थॉमस पेन यांच्या ‘कॉमन सेन्स’ने राजेशाहीच्या मुळावरच घाव घातला. ४ जुलै १७७६ च्या जाहीरनाम्यात इंग्रजांच्या हक्कांची मागणी माणसाच्या हक्कांची झाली.

पण माणूस कोण? वसाहतींत दर पाच माणसांमागे सुमारे एक गुलाम होता. जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफर्सनच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते. त्याच्या मसुद्यातील गुलामांच्या व्यापाराचा निषेध काँग्रेसने वगळला. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर डनमोर याने, बंडखोर मालकांचे जे गुलाम राजाच्या बाजूने शस्त्र धरतील त्यांना मुक्त करण्याचे जाहीर केले. त्याला हवे होते सैनिक. न्यायाची त्याला चाड नव्हती. तरी शेकडो गुलाम धावले. जाहीरनाम्यातील शेवटची तक्रार काय? राजाने आमच्यात अंतर्गत बंडे पेटवली! मालक राजाविरुद्ध उठला तर तो स्वातंत्र्ययोद्धा. गुलाम मालकाविरुद्ध उठला तर तो राजाचा अपराध. आणि मूळ रहिवाशांना त्याच वाक्यात रानटी ठरवून टाकले आहे.

तरी एकदा उच्चारलेले तत्त्व उच्चारणाऱ्याच्या मुठीत राहत नाही. जानेवारी १७७७ मध्ये प्रिन्स हॉल आणि त्याच्या सोबत्यांनी मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे अर्ज करून त्याच तत्त्वांवर मुक्ती मागितली. १७८१ साली एलिझाबेथ फ्रीमन या गुलाम स्त्रीने त्या राज्याच्या घटनेतील समतेच्या कलमावर बोट ठेवून कोर्टात आपले स्वातंत्र्य जिंकले. देशाच्या १७८७ च्या घटनेने मात्र प्रतिनिधित्व ठरवताना गुलामाची गणना तीन पंचमांश केली. गुलामगिरी कायद्याने संपायला १८६५ साल उजाडावे लागले.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील सदाचारी लोकांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या निःस्वार्थ कार्याबद्दल. १७७६ च्या वीरांना नव्हे. या निवडीत मला जोतीरावांची इतिहासदृष्टी दिसते. सत्ता परक्याकडून घरच्या मालकाकडे गेली की राबणाऱ्याचे काय झाले, हे ते पाहत होते. वर्गात १७७६ चा जाहीरनामा शिकवणाऱ्या शिक्षकांनी त्याच्याशेजारी १७७७ चा अर्जही ठेवावा. स्वातंत्र्याची मागणी त्या अर्जात अधिक खरी आहे.