तंग: विरजणातून निघालेला पट्टा

अंगाला आवळणारा सदरा तंग होतो, महिनाअखेरीस हात तंग होतो, आणि घोड्याच्या पोटाखालून घेऊन खोगीर पक्के करायचा जो पट्टा, त्याचेही नाव तंगच. पहिले दोन अर्थ हिंगोलीत रोज कानावर पडतात. तिसरा घोड्यांबरोबर गेला. पण पामेरियनचे पिल्लू काखेत घेऊन दुकानात ‘बॉडी बेल्ट’ मागणाऱ्याला हवी असते ती नेमकी हीच वस्तू: पुढच्या पायांच्या मागून छातीच्या घेराला बसणारा पट्टा. त्याला हार्नेस म्हणतात. मराठीत त्यासाठी जुना शब्द पडून आहे, आणि त्याची कुळकथा थेट दह्याच्या विरजणापाशी जाऊन पोचते.

तंग हा फारसी शब्द. असे शब्द मराठीत आले त्याचे ठळक टप्पे सगळ्यांना माहीत आहेत: बहमनी काळापासून दख्खनेत फारसी दरबाराची भाषा झाली, तिच्यातले शब्द मराठ्यांच्या पागेत रुळले, मोल्सवर्थने ते आपल्या मराठी-इंग्रजी कोशात नोंदवले.

गंमत आहे ती बैल आणि घोडा यांच्या साजातल्या शब्दांच्या वाटणीत. बैलाचा सरंजाम बहुतेक संस्कृत घराण्यातला. जू म्हणजे ‘युग’, जोते म्हणजे ‘योक्त्र’. पोळ्याच्या आधी हिंगोलीच्या बाजारात कासरे, म्होरक्या, घुंगुरमाळा, गोंडे टांगलेले दिसतात. त्यात तंग नावाची वस्तू सापडायची नाही. बैल वशिंडापुढे टेकलेल्या जुवाने ओढतो, गळ्याखालची सापती फक्त जू जागेवर ठेवते. त्याला पोटपट्ट्याची गरजच नाही. घोडा आला तो मात्र आपला शब्दसंग्रह पाठीवर घेऊनच: लगाम, जीन, रिकीब, तोबरा, तंग. खोगीरसुद्धा फारसीच, ‘खोय’ म्हणजे घाम आणि ‘गीर’ म्हणजे धरणारा. घाम टिपणारी गादी! आपण मात्र तिच्यातल्या भरावावरून ‘खोगीरभरती’ करून टाकली.

आता तंगकडे. फारसीत ‘तंग’ म्हणजे अरुंद, आवळलेले. आणि घोड्याचा पट्टाही. आधी कोणता अर्थ? व्युत्पत्तिकार ‘आवळलेले’ या अर्थाचा संबंध फार जुन्या मुळाशी जोडतात. त्याचे संस्कृतातले रूप ‘तनक्ति’, म्हणजे आकसतो, घट्ट होतो. त्यातूनच ‘आतञ्चन’, दूध गोठवायला घालतात ते, आपले विरजण. लिथुआनियन भाषेतला ‘तांकुस’, म्हणजे दाट, आणि इंग्रजीतला ‘टाइट’ हे याच कुळातले. म्हणजे ‘टाइट’ आणि ‘तंग’ एकमेकांचे भाषांतर दिसतात खरे, पण आहेत चुलतभाऊ. दूध विरजते तेव्हा सैल होते ते एकसंध होते. पट्टा आवळतानाही तेच. (‘विरजण’ हा शब्द स्वतः मात्र या घराण्यातला नव्हे; नाते वस्तूचे आहे, शब्दाचे नाही.)

प्रतिस्पर्धी तर्कही करता येतो, आणि तो मोहक आहे. अवेस्तात ‘थंग्’ असा धातू आहे, अर्थ ओढणे. रथ ओढणे, धनुष्य ओढणे. ओढायचा पट्टा म्हणून तंग, असे म्हटले तर काय बिघडले? बिघडते ते ध्वनीत. त्याच धातूपासून फारसीत ‘फरहंग’ हा शब्द आला, आणि त्यात थ चा ह झालेला आहे, त नव्हे. शिवाय तंग काही ओढत नाही. तो फक्त धरून ठेवतो. तेव्हा विरजणाची बाजूच भक्कम. पट्ट्याला नाव मिळाले ते त्याच्या घट्टपणावरून.

पण घट्ट म्हणजे किती? जातिवंत खोडकर घोडा तंग आवळताना पोट फुगवून उभा राहतो. स्वार चढला, चार पावले गेली, की श्वास सोडतो आणि खोगीर कलते. म्हणून जाणता माणूस थोडे चालवून तंग दुसऱ्यांदा आवळतो. हिंगोलीत हे जाणणारे हात नक्कीच भरपूर असणार: १९०३ पर्यंत इथे निजामाच्या हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. छावणी म्हणजे घोडे, आणि घोडे म्हणजे तंग शिवणारे जीनगर.

पामेरियन पोट फुगवत नाही, पण त्याची लोकर तेच काम करते. वरून पट्टा तंग दिसतो, आत पोकळी. मांजर पाहून झटका दिला की कुत्रा मागच्या मागे पसार. म्हणून लोकर दाबून, पुढच्या पायांच्या मागे छाती सर्वांत रुंद असते तिथे टेप लावायचा आणि दुसरे माप मानेच्या बुडाशी घ्यायचे. पट्ट्याखाली एक-दोन बोटे सरकावीत, मूठ नव्हे. काखेत पट्टा घासला तर कातडी सोलवटते. आतल्या मऊ अस्तराचे काम ते घासणे रोखणे. कुत्र्याला घाम प्रामुख्याने तळपायांना येतो, त्यामुळे त्याला ‘खोगीर’ लागत नाही, आणि हिंगोलीच्या उन्हात जाड खोगीरभरती तर नकोच.

गळपट्टाच का नको, हा प्रश्न घोड्याच्या बाबतीतही गाजला. १९३१ साली लफेब्र द नोएत या फ्रेंच घोडदळ अधिकाऱ्याने मांडले की प्राचीन रथांच्या घोड्यांचा गळा पट्ट्याने आवळला जाई, म्हणून त्यांना जड ओझे ओढवत नसे. पुढे १९७७ मध्ये स्प्रुइट या अभ्यासकाने जुने साज पुन्हा बनवून, घोडे जुंपून हे खोडून काढले. कुत्र्यांच्या बाबतीत मात्र गळपट्ट्याचा दोष टिकला. पामेरियन, चिवावा, यॉर्कशायर टेरियर यांच्या श्वासनलिकेच्या कूर्चा पुष्कळदा लुळ्या पडतात, आणि गळ्याला हिसका बसला की खोकल्याची उबळ येते. २००६ च्या एका अभ्यासात २६ कुत्र्यांवर तपासले गेले: गळपट्ट्याला ताण दिला की डोळ्यांतला दाब वाढला, हार्नेसला दिला तेव्हा तसा वाढला नाही.

छातीपट्टाही निर्दोष नाही. २०१९ च्या एका ब्रिटिश अभ्यासात छातीवर आडवा पट्टा असलेला आणि खांदे मोकळे ठेवणारा, असे दोन्ही प्रकार तपासले. दोन्हींनी खांद्याची पुढची झेप कमी केली, आणि ‘मोकळा’ म्हणवणाऱ्याने जास्तच. जाहिरात वाचून निवडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे. घरात पट्टा काढून ठेवावा, आणि तो घालून कुत्रा चालतो कसा, हे दुकानातच पाहावे.

तेव्हा पुढच्या खेपेला दुकानदाराकडे बेधडक तंग मागा. तो आधी गोंधळेल, मग ‘कपड्याचा का?’ असे विचारील. त्याला कुत्रा दाखवा, आणि दाराबाहेर चार पावले चालवून आणल्यावर पट्टा दुसऱ्यांदा आवळा.