ॲरेथाची पर्स : गाणं कुणाचं, आवाज कुणाचा?

आजच्या व्याख्यानाची सुरुवात एका पर्सपासून करू या.

डिसेंबर २०१५. वॉशिंग्टनमधलं केनेडी सेंटर. त्या वर्षीच्या मानकऱ्यांमध्ये कॅरोल किंग होती आणि तिनं जेरी गॉफिनबरोबर रचलेलं 'नॅचरल वूमन' हे गाणं म्हणायला ॲरेथा फ्रँकलिन मंचावर आली. वय ७३. अंगावर पायघोळ फरचा कोट आणि हातात पर्स. तिनं पर्स पियानोवर ठेवली, स्वतःच पियानो वाजवत गाऊ लागली, मग उठली, शेवटाकडे तिनं कोट खांद्यावरून सोडून दिला. वर बसलेले बराक ओबामा डोळे पुसताना दिसले. आपल्यापैकी अनेकांनी ते चित्रीकरण पाहिलं असेल. लोक त्या कोटाबद्दल बोलतात. आपण पर्सबद्दल बोलू.

कारण पर्स ही सवय होती, आणि ती जुनी होती. ॲरेथा कार्यक्रमाचे पैसे रोख घेत असे, आणि गाण्याआधी घेत असे. ते पर्समध्ये जात आणि पर्स तिच्या नजरेसमोर राही, पुष्कळदा थेट पियानोवर. आता 'सोल संगीताची राणी' म्हणून साऱ्या जगानं गौरवलेली बाई अशी का वागते? विक्षिप्तपणा म्हणून सोडून देता येईल. पण आम्हाला वाटतं, त्या पर्समध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांचा निदान अर्धशतकाचा हिशेब आहे. आज तोच हिशेब मांडून पाहायचा आहे.

ॲरेथाचा जन्म २५ मार्च १९४२ चा, मेम्फिसचा. वाढली डेट्रॉइटमध्ये. वडील सी. एल. फ्रँकलिन तिथल्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक, आणि प्रवचनकार असे की त्यांच्या प्रवचनांच्या तबकड्या निघत आणि खपत. शिकागोची चेस ही ब्लूजसाठी नावाजलेली कंपनी, तिनंही त्या काढल्या. आपल्याकडे कीर्तनकारांच्या कॅसेट घरोघरी वाजत, तसंच काहीसं. म्हणजे आवाज ही विकली जाणारी वस्तू आहे, हे या मुलीनं घरातच पाहिलं. १९५६ मध्ये, चौदाव्या वर्षी, त्याच चर्चमध्ये तिची पहिली ध्वनिमुद्रणं झाली.

१९६० मध्ये जॉन हॅमंडनं तिला कोलंबिया कंपनीत आणलं. हा मोठा जाणकार; बिली हॉलिडेचं पहिलं ध्वनिमुद्रण त्याच्याच पुढाकारानं झालेलं. पण कोलंबियातली सहा वर्षं जॅझ, नाटकातली गाणी, गुळगुळीत वाद्यमेळ यांत गेली. वाईट काही नाही त्यात, पण चर्चमधली ती मुलगी त्यात क्वचितच सापडते. ही वर्षं आपण इथेच सोडू.

खरी गोष्ट १९६५ मध्ये सुरू होते, आणि ती ॲरेथाची नाहीच. मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत ओटिस रेडिंग नावाच्या जॉर्जियाच्या तरुण गायकानं 'रिस्पेक्ट' हे स्वतः लिहिलेलं गाणं म्हटलं. कामावरून दमून घरी येणारा पुरुष बायकोकडे आपला मान मागतो आहे, असं ते गाणं. जोरकस, धावतं, मागे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन. कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या यादीत ते चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं, सर्वसाधारण यादीत पस्तिसाव्या. बरं चाललं, इतकंच.

१९६६ च्या अखेरीस ॲरेथा अटलांटिक कंपनीत आली. तिथे जेरी वेक्सलर होता. हा आधी 'बिलबोर्ड' साप्ताहिकात पत्रकार होता आणि १९४९ मध्ये 'रेस रेकॉर्ड्स' हे अपमानकारक नाव काढून 'रिदम अँड ब्लूज' हे नाव रूढ करणारा तोच. जानेवारी १९६७ मध्ये त्यानं तिला अलाबामातल्या मसल शोल्सच्या फेम स्टुडिओत नेलं. एक गाणं अप्रतिम उतरलं, मग दारू, शब्दाला शब्द, तिचा नवरा टेड व्हाइट आणि एक वादक यांच्यात भांडण, आणि सगळं विस्कटलं. ॲरेथा निघून गेली. वेक्सलरनं पुढे त्याच वादकांना न्यूयॉर्कला बोलावून घेतलं आणि १४ फेब्रुवारी १९६७ या दिवशी अटलांटिकच्या स्टुडिओत 'रिस्पेक्ट' ध्वनिमुद्रित झालं.

इथे जरा थांबू या, कारण आजचा प्रश्न इथेच आहे. त्या दिवशी ॲरेथानं नेमकं काय केलं?

शब्द बहुतांशी ओटिसचेच. पण आता मान मागणारी बाई आहे, त्यामुळे प्रत्येक ओळीचं तोंड फिरलं. पुरुष मागत होता तो घरातला हक्क. बाई मागते तेव्हा घरच बदलायची मागणी होते. दुसरं, वाद्यं थांबवून 'रिस्पेक्ट' या शब्दाची अक्षरं सुटी करून उच्चारायची, हे ओटिसच्या गाण्यात कुठेच नाही. आज जगात कुणालाही हे गाणं आठवतं ते आधी त्या सुट्या अक्षरांनी! तिसरं, मागे तिच्या बहिणी कॅरोलिन आणि अर्मा, त्यांचा तो प्रश्नोत्तरासारखा कोरस. हा चर्चचा ढंग: प्रवचनकार एक वाक्य टाकतो, सभा उत्तर देते. चौथं, मधला किंग कर्टिसचा सॅक्सोफोनचा तुकडा. मूळ गाण्यात त्या जागी काहीच नव्हतं, इथे सॅम अँड डेव्हच्या दुसऱ्याच एका गाण्यातली स्वरसंगती आणून बसवली. आणि पियानोवर स्वतः ॲरेथा.

जून १९६७ मध्ये हे गाणं दोन आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. नागरी हक्कांच्या मोर्च्यांनी ते उचललं, स्त्रीमुक्तीच्या चळवळीनं उचललं. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियातल्या माँटेरीच्या महोत्सवात ओटिस हे गाणं म्हणायला उभा राहिला तेव्हा हसत हसत म्हणाला, एका मुलीनं हे गाणं माझ्याकडून नेलं. थट्टाच होती, पण खरी होती.

पण कायद्याच्या दृष्टीनं त्या मुलीनं काहीच नेलं नव्हतं. गीतकार-संगीतकार म्हणून नाव एकट्या ओटिस रेडिंगचं, तेव्हाही आणि आजही. यात ओटिसनं काही लबाडी केली असं मुळीच नाही. व्यवस्थाच तशी होती. एका तबकडीत दोन वस्तू असतात, हे लक्षात घ्या: एक, रचलेलं गाणं, दुसरी, त्या गाण्याचं हे विशिष्ट ध्वनिमुद्रण. अमेरिकेत रेडिओवर तबकडी वाजली की पैसे पहिल्या वस्तूचे मिळतात, दुसरीचे नाही. रचनाकाराला आणि त्याच्या प्रकाशकाला रॉयल्टी. गायकाला, वादकाला, तबकडी काढणाऱ्या कंपनीला शून्य. तबकड्या विकल्या गेल्या तर गायकाचा करारानुसार वाटा असे, ते वेगळं. पण 'रिस्पेक्ट' अमेरिकेतल्या रेडिओवर असंख्य वेळा वाजलं, त्याचा एक डॉलरही ॲरेथाला मिळाला नाही. 'नॅचरल वूमन'चंही तेच. 'थिंक' या १९६८ च्या गाण्यावर मात्र रचनाकार म्हणून तिचं आणि टेड व्हाइटचं नाव आहे, तेव्हा तिथे ती कायद्याच्या आत आली.

आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं. आम्हाला हे विभाजनच संशयास्पद वाटतं. रचना म्हणजे सार आणि गायन म्हणजे त्यावरचा साज, अशी ही जुनी समजूत आहे. कागदावर उतरवता येतं ते खरं, आणि घशातून येऊन हवेत विरतं ते दुय्यम! ख्याल ऐकणाऱ्या माणसाला हे सांगून बघा. दोन ओळींची बंदिश, आणि त्यावर तासभराची गायकी. बंदिश कुणाची हे विचारायचं भानही अनेकदा श्रोत्याला राहत नाही. आपल्याकडेही हा वाद झालाच होता. साठच्या दशकात गायकांना रॉयल्टीत वाटा हवा असं लता मंगेशकर म्हणत होत्या, मोहम्मद रफींचं मत वेगळं होतं, आणि त्यापायी काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. असो. अमेरिकेकडे परत येऊ.

मग यातून कुणी वाट काढली की नाही? काढली. सॅम कुक. जन्म १९३१, मिसिसिपीतलं क्लार्क्सडेल. 'सोल स्टिरर्स' या भजनी गटाचा लाडका गायक. चर्चवाल्यांचा रोष नको म्हणून लौकिक गाण्याची पहिली तबकडी त्यानं 'डेल कुक' या नावानं काढली. आवाज लपतो थोडाच! १९५७ मध्ये 'यू सेंड मी' पहिल्या क्रमांकावर गेलं. पण सॅमला आम्ही मोठा मानतो ते आणखी एका कारणासाठी. जे. डब्ल्यू. अलेक्झांडरबरोबर त्यानं स्वतःची संगीत-प्रकाशन कंपनी काढली, मग एसएआर नावाचं स्वतःचं लेबल काढलं. गाणी स्वतः लिहायची आणि त्यांचे हक्क स्वतःच्या हातात ठेवायचे. त्या काळच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय मुलाला हे सुचणं हीच केवढी गोष्ट!

ऑक्टोबर १९६३ मध्ये लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला एका हॉटेलनं त्याला खोली नाकारली. त्यानं आवाज चढवला तर पोलिसांनी शांतताभंगासाठी पकडलं. पुढच्याच जानेवारीत त्यानं 'अ चेंज इज गॉना कम' ध्वनिमुद्रित केलं. डिसेंबर १९६४ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या एका मोटेलात तो गोळी लागून मेला, वय ३३. ते गाणं सुट्या तबकडीच्या मागच्या बाजूला म्हणून निघालं ते त्यानंतर. आणि त्यानं जपलेले गाण्यांचे हक्क? ते शेवटी त्याचा व्यवस्थापक ॲलन क्लाइन याच्या कंपनीकडे गेले.

ओटिसचंही पाहा. तो स्वतः लिहीत होता, म्हणून रचनेचे पैसे त्याचे. १० डिसेंबर १९६७ रोजी विस्कॉन्सिनमधल्या मोनोना सरोवरात त्याचं विमान कोसळलं. वय अवघं २६. आधीच्या काही दिवसांत ध्वनिमुद्रित केलेलं 'डॉक ऑफ द बे' पुढच्या मार्चमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, मरणोत्तर. त्याच सुमारास अटलांटिक कंपनी विकली गेली आणि स्टॅक्सवाल्यांनी १९६५ चा करार उघडून पाहिला. त्यात लिहिलं होतं की अटलांटिकनं वितरित केलेली स्टॅक्सची सगळी मूळ ध्वनिमुद्रणं अटलांटिकच्या मालकीची. जिम स्ट्यूअर्टनं न वाचता सही केली होती. म्हणजे गायकाचा आवाज ज्या फितीवर होता ती फीत, गायकाची तर नव्हतीच, ज्या स्टुडिओत ती घडली त्याचीही राहिली नाही. ही बातमी ॲरेथाच्या पिढीतल्या प्रत्येकाच्या कानावर गेली असणार. आता त्या पर्सकडे पुन्हा बघा.

कायद्याचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. १५ फेब्रुवारी १९७२ पासून होणाऱ्या ध्वनिमुद्रणांना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं संरक्षण दिलं. आधीची सारी त्याच्या बाहेर. आणि सोल संगीताचा सुवर्णकाळ कुठे येतो? त्या तारखेच्या अलीकडे! १९९५ च्या कायद्यानं डिजिटल प्रसारणासाठी गायकांना पैसे द्यायचं ठरलं, पण जुन्या ध्वनिमुद्रणांचे पैसे द्यायला काही कंपन्या तयार नव्हत्या. २०१४ मध्ये ही फट बुजवण्यासाठी एक विधेयक आलं, आणि त्याचं लांबलचक नाव असं जुळवलं होतं की आद्याक्षरांतून 'रिस्पेक्ट' हाच शब्द तयार व्हावा. ते मंजूर झालं नाही. अखेर ११ ऑक्टोबर २०१८ रोजी नव्या कायद्यावर सही झाली आणि जुन्या ध्वनिमुद्रणांनाही डिजिटल प्रसारणाचे पैसे मिळू लागले. ॲरेथा १६ ऑगस्ट २०१८ रोजी गेली. आठ आठवड्यांचं अंतर.

साध्या एएम-एफएम रेडिओला मात्र हा कायदाही लागू नाही. रेडिओवाल्यांचं म्हणणं असं की आम्ही वाजवतो म्हणून तबकड्या खपतात. ही फुकटची जाहिरातच झाली, वर पैसे कसले? या म्हणण्यात एके काळी थोडं तथ्य होतं, हे मान्य करायला हवं. १९६७ मध्ये रेडिओनं उचलल्याशिवाय 'रिस्पेक्ट' पहिल्या क्रमांकावर गेलंच नसतं. पण पन्नास वर्षांनी ते गाणं वाजतं तेव्हा कोण कुणाची जाहिरात करतं? श्रोता ते गाणं ऐकायला थांबतो, आणि रेडिओ त्या थांबण्याचा वेळ जाहिरातदाराला विकतो. दुकानाला गिऱ्हाईक आणून देतो म्हणून दुकानातला माल फुकट न्यावा, असा हा युक्तिवाद आहे.

ॲरेथा गेली तेव्हा तिनं मृत्युपत्र केलेलं नाही असंच सगळ्यांना वाटलं. मग २०१९ मध्ये तिच्या घरात हातानं लिहिलेले कागद सापडले. त्यातला २०१४ चा एक सोफ्याच्या गादीखाली. मुलांमध्ये वाद झाला. जुलै २०२३ मध्ये मिशिगनमधल्या ज्यूरीनं सोफ्यातलाच कागद खरा धरला. आयुष्यभर पर्स नजरेआड न होऊ देणारी बाई, तिचं मृत्युपत्र सोफ्यात! गाण्यांचं उत्पन्न आता तिच्या मुलांकडे जातं. 'रिस्पेक्ट' अमेरिकेतल्या एएम-एफएमवर वाजतं त्याचे पैसे अर्थातच त्यात नाहीत.

पुढच्या वेळी आपण डेट्रॉइटमध्येच राहू, फक्त चर्चमधून निघून मोटाउनच्या कचेरीत जाऊ.