सैनिकाची बायको आणि परवान्याची फी

अमेरिकेत शिक्षिकेला, परिचारिकेला, केशकर्तन करणाऱ्यालाही राज्य सरकारचा परवाना लागतो. एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात आपोआप चालतोच असे नाही. तिकडे गेलेल्या आपल्या लेकीसुनांना हे चांगले ठाऊक आहे. या परवान्याची फी माजी सैनिकांना आणि त्यांच्या जोडीदारांना माफ करणारे कायदे अलीकडे तिथल्या काही राज्यांनी केले. फ्लोरिडाने २०१८ मध्ये असाच कायदा केला. वरवर पाहता ही किरकोळ गोष्ट वाटते, पण तिच्यामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवात इंग्लंडपासून करू. १८१५ मध्ये वॉटर्लूची लढाई संपली आणि हजारो सैनिक घरी परतले. लढाई संपली की सैनिकाचा पगारही संपतो. पोटासाठी दुकान टाकावे म्हटले, तर अनेक जुन्या शहरांत ते तिथल्या हक्कदार नागरिकालाच टाकता येई. हा हक्क वडिलांकडून यायचा, उमेदवारी करून मिळवायचा किंवा पैसे भरून घ्यायचा. १८१६ मध्ये पार्लमेंटने कायदा केला की, सैनिक आणि खलाशी यांना कोणत्याही गावात आपला धंदा करता येईल. त्यात त्यांच्या बायकामुलांचाही समावेश होता. खजिन्यातून एक पैसा न देता सरकारने उपकार फेडले.

हीच युक्ती पुढे अमेरिकेत दिसते. तिथले यादवी युद्ध १८६१ ते १८६५ या काळात झाले. जिंकलेल्या उत्तरेच्या जखमी सैनिकांना केंद्र सरकारचे पेन्शन मिळाले, हरलेल्या दक्षिणेच्या सैनिकांना ते नव्हते. दक्षिणेतल्या राज्यांची तिजोरी तर रिकामी. मग जॉर्जियासारख्या राज्याने अपंग सैनिकांना परवान्याची फी न भरता फेरीचा धंदा करायची मुभा दिली. उत्तरेतल्या न्यूयॉर्क राज्यानेही १८९० च्या दशकात अपंग सैनिकांना रस्त्यावर माल विकायची सवलत दिली. द्यायला पैसे नसले, किंवा द्यायचे नसले, की सरकार माफी देते. त्यात कृतज्ञता असते, आणि काटकसरही असते.

न्यूयॉर्कची ती सवलत पुढे शंभर वर्षांहून अधिक टिकली आणि तिला वेगळेच मोल आले. १९७९ मध्ये न्यूयॉर्क शहराने फेरीवाल्यांच्या सर्वसाधारण परवान्यांवर ८५३ ची मर्यादा घातली. माजी सैनिक या मर्यादेबाहेर राहिले. २००९ च्या सुमारास मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या दारात एक विक्रेता दोन गाड्यांच्या जागेसाठी शहराला वर्षाला सहा लाख डॉलरहून अधिक द्यायला कबूल झाला होता. तिथेच अपंग माजी सैनिकांनी त्या जुन्या कायद्याच्या आधारे आपल्या गाड्या लावल्या. मग जे व्हायचे तेच झाले. गाडी एकाची, धंदा दुसऱ्याचा आणि कायद्यापुरता खुर्चीवर बसवलेला एक माजी सैनिक, अशा बातम्या वर्तमानपत्रांत येऊ लागल्या. भिंत जितकी उंच, तितके तिच्यातल्या दाराला मोल जास्त.

आता बायकोकडे येऊ. १९५० च्या सुमारास अमेरिकेतल्या शंभर कामकऱ्यांपैकी जेमतेम पाचांना राज्याचा परवाना लागत असे. २००८ पर्यंत हे प्रमाण चौथ्या हिश्शाच्या वर गेले. दरम्यान १९७३ मध्ये सक्तीची सैन्यभरती बंद झाली. सैन्य पगारी आणि संसारी माणसांचे झाले. त्यांच्या बदल्या दर दोन-तीन वर्षांनी होतात आणि संसारही बरोबर हलतो. २०१२ मध्ये तिथल्या अर्थ आणि संरक्षण खात्यांनी मिळून एक अहवाल काढला. नोकरी करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या सैनिकी जोडीदारांपैकी सुमारे ३५ टक्के परवाना लागणाऱ्या व्यवसायांत होते, आणि वर्षभरात दुसऱ्या राज्यात जाण्याची त्यांची शक्यता इतरांच्या दसपट होती.

या व्यवसायांत शिक्षिका मोठ्या संख्येने आहेत. मी जन्मभर शाळेत शिकवले, त्यामुळे माझा जीव तिथेच अडकला. शिक्षिकेचे खरे नुकसान फीमध्ये नसते. अर्ज करा, जुन्या राज्याकडून कागद मागवा, हवी असेल तर पुन्हा परीक्षा द्या. तोवर शाळा सुरू होते, जागा भरली जाते आणि वर्ष हातचे जाते. परवाना हाती पडतो न पडतो, तोच नवऱ्याच्या बदलीचा हुकूम येतो. अशा बाईला फी माफ केली, तरी गेलेले वर्ष कोण परत देणार?

हे सरकारलाही हळूहळू उमगले. डिसेंबर २०१७ मध्ये झालेल्या कायद्याने नव्या परवान्याचा ५०० डॉलरपर्यंतचा खर्च भरून देण्याची सोय झाली, पुढे ती रक्कम १,००० डॉलर झाली. जानेवारी २०२३ मध्ये मात्र वेगळा कायदा आला. लष्करी हुकमाने दुसऱ्या राज्यात गेलेल्या सैनिकाचा आणि त्याच्या जोडीदाराचा जुना परवाना, काही अटींवर, नव्या राज्यानेही मानायचा असे ठरले. वकिली तेवढी वगळली. फीमाफीपेक्षा मला हे पाऊल मोठे वाटते.

परवाने मुळातच नकोत असे मी म्हणत नाही. भोंदू वैद्यांपासून लोकांना वाचवायला परवाना हवाच, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८९ मध्येच डॉक्टरांवरचे असे बंधन योग्य ठरवले. पण एक प्रश्न उरतो. टेक्सासमध्ये मुलांना उत्तम शिकवणारी बाई, नवरा सैनिक आहे म्हणून व्हर्जिनियातही शिकवायला लायक ठरते. मग नवरा शेतकरी किंवा कारकून असला, तर ती नालायक कशी? सैनिकाच्या बायकोसाठी दार उघडले ते योग्यच झाले. आता त्या दाराबाहेर उभ्या असलेल्या बाकीच्या बायकांकडेही कोणीतरी पाहायला हवे.