'टेक्सटाइल': मागावरून आलेला शब्द

'टेक्सटाइल' हा शब्द लॅटिन 'टेक्सेरे' म्हणजे विणणे या धातूपासून आला. 'टेक्सटिलिस' म्हणजे विणलेले. इंग्रजीत हा शब्द 17व्या शतकाच्या पूर्वार्धात आला; पण त्याच धातूचा 'टेक्स्ट' त्याआधीच, 14व्या शतकात, फ्रेंचमधून तेथे पोहोचला होता. पहिल्या शतकातील रोमन वक्तृत्वशास्त्रज्ञ क्विंटिलियन याने शब्दांच्या गुंफणीला 'टेक्स्टुस' म्हटले आणि कापडाचा शब्द लेखनाला लागू झाला. 'कॉन्टेक्स्ट' म्हणजे एकत्र विणलेले, तर 'प्रीटेक्स्ट' म्हणजे पुढे विणलेले, अर्थात आड धरलेला पडदा किंवा सबब. 'टिश्यू' हाही याच कुळातला.

भाषाशास्त्रज्ञ या धातूचे नाते संस्कृत 'तक्ष्' (तासणे) आणि ग्रीक 'टेक्टोन' (सुतार) यांच्याशी जोडतात. म्हणजे मूळ अर्थ घडवण्याचा. लॅटिनने तो मुख्यतः विणकामाकडे वळवला. मराठीत नेमके उलटे घडले: 'सूत्रधार' म्हणजे मापाचा दोरा धरणारा, तोच पुढे लाकूड तासणारा 'सुतार' झाला.

शब्दांकडून प्रत्यक्ष मागाकडे वळायचे तर बेळगावच्या दक्षिणेकडील वडगाव, शहापूर आणि खासबाग ही विणकरांची वस्ती. शहापूर 1948 पर्यंत सांगली संस्थानात होते आणि तेथील साड्या त्याच गावाच्या नावाने ओळखल्या गेल्या. येथील हातमागाच्या शब्दांना लॅटिनची गरज पडली नाही. उभे सूत तो ताणा, आडवे तो बाणा. कांडीवर भरलेले सूत धोट्यात बसते, धोटा ताण्याच्या दोन थरांमधून आरपार जातो आणि फणी प्रत्येक धागा ठोकून आधीच्या विणीला भिडवते. 1733 मध्ये इंग्लंडच्या जॉन केने दोरीच्या झटक्याने फेकला जाणारा धोटा काढला, 1785 मध्ये एडमंड कार्टराइटने यंत्रमागाचे पेटंट घेतले. पुढे वडगाव-शहापुरातही हातमागाची जागा बहुतांशी यंत्रमागाने घेतली.

यंत्राबरोबर कारखाना, सरकारी खाते आणि दुकानाची पाटी आली आणि 'टेक्सटाइल' हा शब्द सगळ्या धंद्याचे नाव बनला. सरकारी मराठीत त्याला 'वस्त्रोद्योग' म्हणतात, कन्नडमध्ये 'जवळी'. द्विभाषिक वडगावात तिन्ही शब्द चालतात. विणणाऱ्याच्या तोंडी मात्र 'माग' हाच शब्द कायम आहे.