सायलेन्सरचा इतिहास: गाडीचा आवाज, तुमचा कान आणि निवडताना काय पाहावे

मराठीत मोटारसायकलला 'फटफटी' म्हणतात. म्हणजे आपल्या लोकांनी गाडीला तिच्या आवाजावरूनच नाव दिले. गाडीचा आवाज म्हणजे तिची ताकद, ही समजूत तेव्हापासून आपल्या मनात घट्ट बसलेली आहे. आज सांगली-मिरज रस्त्यावर संध्याकाळी उभे राहिलात, तर ही समजूत तुम्हाला ऐकूही येईल. सायलेन्सर कसा आणि का जन्माला आला हे कळले, तर तो बदलायचा की नाही, बदलायचाच असेल तर कोणता घ्यायचा, हे तुमचे तुम्हालाच ठरवता येईल. म्हणून आज थोडा इतिहास पाहू.

आवाजाने बहिरेपण येते हे कधी कळले?

हे ज्ञान मोटारीपेक्षा जुने आहे. इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी व्यवसायजन्य आजारांवरील आपल्या ग्रंथाच्या 1713 च्या आवृत्तीत व्हेनिसच्या तांबटांविषयी लिहिले. दिवसभर तांबे ठोकून हे कारागीर हळूहळू बहिरे होतात, असे त्यांचे निरीक्षण होते. पुण्याच्या तांबट आळीतून कधी गेला असाल, तर त्यांना काय म्हणायचे होते हे लगेच कळेल. पुढे वाफेची इंजिने आली. 1886 मध्ये ग्लासगोचे कानाचे डॉक्टर थॉमस बार यांनी बॉयलर बनवणाऱ्या कामगारांचे कान तपासले आणि त्यांच्यात बहिरेपण सर्रास असल्याचे दाखवून दिले.

म्हणजे मोटारगाडी रस्त्यावर सर्वत्र दिसू लागण्याआधीच मोठ्या आवाजाने कान जातो हे वैद्यकशास्त्राला माहीत होते.

बाप बहिरा, मुलगा सायलेन्सरवाला

हायरम मॅक्झिम यांनी 1884 च्या सुमारास स्वयंचलित मशीनगन बनवली. तिच्या चाचण्यांत वर्षानुवर्षे घालवल्यावर त्यांचे स्वतःचेच कान गेले. त्यांचा मुलगा हायरम पर्सी मॅक्झिम हा मोटारगाड्यांचा इंजिनिअर. त्याने 1909 मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट मिळवले आणि तोच विचार इंजिनांच्या धुराड्यालाही लावला. त्याआधी 1897 मध्ये अमेरिकेतल्या रीव्ह्ज बंधूंनी इंजिनाच्या मफलरचे पेटंट घेतले होतेच.

बंदूक आणि इंजिन यांचे दुखणे एकच आहे. नळीत प्रचंड दाबाने अडकलेला वायू एकदम बाहेर सुटतो. इंजिनात हा स्फोट पुन्हा पुन्हा होतो. एका सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर सेकंदाला 25 वेळा; चार सिलिंडरच्या मोटारीत सेकंदाला 100 वेळा.

मिरजेचा भोपळा आणि गाडीचा डबा

सायलेन्सरच्या आत काय असते? ढोबळमानाने दोन पद्धती आहेत. पहिलीत डब्यात कप्पे आणि छिद्रांच्या नळ्या असतात. आवाजाच्या लाटा कप्प्यांत आपटून परततात आणि एकमेकींना मारतात. दुसरीत नळी सरळ असते. तिला छिद्रे असतात आणि भोवती काचेची लोकर भरलेली असते. ती लोकर आवाज शोषून घेते.

काही गाड्यांत याशिवाय 'रेझोनेटर' नावाचा कप्पा असतो. ठरावीक आकाराची पोकळी ठरावीक स्वरालाच प्रतिसाद देते, हे त्यामागचे तत्त्व. ते सविस्तर मांडले हर्मन हेल्महोल्ट्झ यांनी. ते मूळचे डॉक्टर. डोळ्याचा पडदा पाहण्याचे ऑप्थाल्मोस्कोप हे साधन 1851 मध्ये त्यांनीच बनवले. मिरजेचे तंतुवाद्य कारागीर तंबोऱ्यासाठी भोपळा निवडताना अशा पोकळीचाच विचार करत असतात. तंबोऱ्यात पोकळी स्वर फुलवते, गाडीत तीच पोकळी नको असलेला स्वर खाऊन टाकते.

आपल्याकडे काय झाले?

1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तेव्हाच्या औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. विहिरीवर डिझेल इंजिन धडधडू लागले की शेताला पाणी मिळते, हे आपल्या ऊसपट्ट्यातल्या पिढ्यांनी अनुभवले. त्या आवाजात भरभराट होती. पुढे 1955 मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया स्थापन झाली आणि बुलेटची संथ 'धक्-धक्' आली. 1985 मध्ये यामाहा आरएक्स 100 चा तडतडाट आला. मोठा आवाज आणि मर्दानगी यांची गाठ पक्की होत गेली.

कायदाही मागोमाग आला. 1988 चा मोटार वाहन कायदा आणि 1989 चे केंद्रीय मोटार वाहन नियम यांनुसार प्रत्येक वाहनाला सायलेन्सर सक्तीचा आहे. 2005 पासून नव्या प्रवासी मोटारीला 74 डेसिबल आणि 175 सीसीवरील दुचाकीला 80 डेसिबल अशी मर्यादा आहे. ही मोजणी साडेसात मीटरवरून होते. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येणार नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर आवाजाचे निकष मोडणाऱ्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोलरखाली चिरडले, ते याच कायद्यांच्या आधारे.

कानात नेमके काय बिघडते?

आतल्या कानात, गोगलगाईच्या शंखासारख्या भागात, सुमारे 15 ते 16 हजार केसपेशी असतात. एकदा मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. डेसिबलचे गणितही फसवे आहे. 3 डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, 10 वाढले की दहापट. म्हणून 85 डेसिबल आठ तास चालत असेल, तर 88 चार तासच आणि 100 डेसिबल जेमतेम 15 मिनिटे सुरक्षित मानले जाते.

नुकसान सुरू होते ते बहुधा 4000 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे उंच स्वरांत. त्यामुळे सुरुवातीला बोलणे ऐकू येते, पण 'स', 'श', 'थ', 'फ' नीट कळत नाहीत. 'लोक पुटपुटतात' अशी तक्रार इथूनच सुरू होते. गाडीवरून उतरल्यावर कानात 'कुंईऽ' असा आवाज येत असेल, तर तो कानाने दिलेला पहिला इशारा समजा.

आणि कान फक्त चालवणाऱ्याचेच नसतात. रात्रीच्या आवाजाने झोप मोडते, रक्तदाब चढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने 2018 मध्ये रस्त्यावरील वाहनांच्या आवाजाची दिवस-रात्रीची सरासरी 53 डेसिबलच्या आत ठेवण्याची शिफारस केली, ती यासाठीच. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात तुमच्या एका 'रेझ'ने किती रुग्ण दचकतात, याचा विचार करा.

मग निवड कशी करावी?

1. आवाज म्हणजे ताकद नव्हे. ताकद वाढते ती वायू सुरळीत बाहेर पडल्याने. आवाज हा नुसता सांडलेला भाग. टू-स्ट्रोक गाडीत तर धुराड्याचा आकार इंजिनाशी जुळवलेला असतो. तो बदलला की ताकद घटूही शकते.
2. शक्यतो कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेला, मंजुरी असलेला सायलेन्सरच घ्या. आधी लेखी खात्री करून घ्या.
3. नुसती सरळ नळी बसवू नका. लोकर भरलेला प्रकार घेतलात, तर ती लोकर काही काळाने जळते, उडते आणि आवाज वाढत जातो हे लक्षात ठेवा.
4. दुकानात रेझ करून ऐकणे पुरेसे नाही. काचा बंद करून 2000 ते 3000 फेऱ्यांवर दहा-पंधरा मिनिटे चालवून पाहा. डोक्यात घुमणारी खोल घरघर तिथेच कळते. पहाटे थंड गाडी सुरू करूनही ऐका, कारण शेजारी तेच ऐकणार आहेत.
5. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नका. सांध्यांतून गळती नाही ना ते तपासून घ्या. गळणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो आणि तो मोटारीच्या आत साठला तर जीव घेतो. गाडीत बसल्यावर वारंवार डोके दुखत असेल, तर काचा उघडा आणि गाडी लगेच तपासा.
6. दुचाकीवर वेगात हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज 90 डेसिबलच्या घरात जातो. त्यात धुराड्याची भर घालू नका.

कानात आवाज एक-दोन दिवसांत थांबला नाही किंवा ऐकू कमी येऊ लागले, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून ऑडिओमेट्री करून घ्या. तपासणी साधी आणि वेदनारहित असते. एखाद्या कानाने अचानक ऐकू येणे बंद झाले, तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. लवकर उपचार झाले तरच फायद्याची शक्यता जास्त.

सायलेन्सर खराब झाला तर दुकानात दुसरा मिळतो. केसपेशींचे दुकान अजून कुठे निघालेले नाही.