वादळानंतरचा अंधार आणि घरातले मांजर

धाराशिव जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. अरबी समुद्र पश्चिमेला सुमारे ३०० किलोमीटरवर, तर बंगालचा उपसागर त्याहून बराच अधिक अंतरावर आहे. त्यामुळे चक्रीवादळ ही कोकणची किंवा आंध्र-ओडिशाची आपत्ती, अशी येथे सर्वसाधारण समजूत असते. ऑक्टोबर २०२० मध्ये तिला धक्का बसला. बंगालच्या उपसागरात तयार झालेले तीव्र कमी दाबाचे क्षेत्र १३ ऑक्टोबर रोजी काकिनाड्याजवळ किनारा ओलांडून तेलंगण व उत्तर कर्नाटकमार्गे महाराष्ट्रात शिरले. वाऱ्याचा जोर वाटेतच ओसरला होता, पावसाचा मात्र नाही. सोलापूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत नद्या-ओढ्यांना पूर आले, शेतजमिनी खरवडून गेल्या. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत परंडा व भूम तालुक्यांत पाण्याने वेढलेल्या लोकांना बाहेर काढण्यासाठी हेलिकॉप्टरची मदत घ्यावी लागली. याखेरीज एप्रिल-मे महिन्यांतला वळीव आहेच. अर्ध्या तासाची वावटळ पत्रे उडवते आणि जुनी लिंबाची, बाभळीची झाडे विजेच्या तारांवर आडवी करते.

या साऱ्या प्रसंगांत एक गोष्ट समान असते. वीज जाते आणि लवकर परत येत नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या भागांतील अनेक गावांनी कित्येक आठवडे अंधारात काढले. धाराशिवमध्ये एवढा दीर्घ काळ सहसा जात नाही. तरीही ओलीचिंब काळी जमीन खांब उभा करू देत नाही, ओढ्याच्या पुरामुळे कर्मचाऱ्यांना पलीकडे जाता येत नाही, आणि एक रोहित्र जळाले की वस्तीवर दोन-तीन दिवस सहज जातात. वीजपुरवठा पूर्ववत करण्याच्या मुदती नियामक आयोगाने ठरवून दिल्या असल्या, तरी नैसर्गिक आपत्तीत त्या बंधनकारक राहत नाहीत.

अशा वेळी गोठ्यातल्या जनावरांची नोंद शासनदरबारी होते. दुधाळ जनावर, बैल, शेळी-मेंढी, कोंबडी यांच्या मृत्यूसाठी आपत्ती निवारण निधीतून किती मदत द्यावी, याचे दर ठरलेले आहेत. ज्या शेळीने या जिल्ह्याचे जुने नाव देशभर नेले, त्या उस्मानाबादी शेळीचा पंचनामा होतो. मांजराचा होत नाही. धान्याची कणगी उंदरांपासून राखणारे हे जनावर कोणत्याही रकान्यात बसत नाही, म्हणून त्याची काळजी ही सर्वस्वी घरच्या माणसांवर येते.

वीज गेली की पाणीही जाते

धाराशिव शहराला उजनी धरणाचे पाणी मिळते. हे पाणी दुसऱ्या जिल्ह्यातून आणि पंपांच्या जोरावर येते. त्यामुळे शहरात पाऊस धो-धो पडत असला तरी वाटेतील एखाद्या ठिकाणी वीज गेल्यास नळ कोरडा पडतो. खेड्यात विहिरीचा किंवा बोअरचा पंप बंद पडतो. मांजरासाठी वेगळे पाणी साठवण्याचा विचार सहसा कुणाच्या मनात येत नाही. वास्तविक ती गरज फार मोठी नाही. निरोगी मांजराला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ५० मिलिलिटर पाणी लागते, आणि त्यात अन्नातून मिळणारे पाणीही धरलेले असते. चार किलोच्या मांजराला तीन दिवसांसाठी लिटरभर स्वच्छ पाण्याची बाटली पुरते. पुराचे किंवा अंगणात साचलेले पाणी त्याने पिऊ नये, यासाठी दोन-तीन पसरट भांडी निरनिराळ्या जागी ठेवावीत. कोरडा खाऊ खाणाऱ्या मांजराला पाणी अधिक लागते, हेही ध्यानात असावे.

वळवाच्या दिवसांत प्रश्न उकाड्याचा असतो. पाऊस थांबताच दमट उष्मा वाढतो आणि पंखा बंद असतो. मांजराला घाम जवळजवळ येतच नाही. पंजांच्या गाद्यांपुरता येतो. अंग चाटून ओले करणे आणि थंड जागा शोधणे, हीच त्याची उष्णतेशी लढण्याची साधने. शहाबादी फरशीची मोकळी खोली, न्हाणीघराचा कोपरा, माठाखालची ओली वाळू ही त्याची हक्काची ठिकाणे असतात, ती बंद करू नयेत. कुत्र्याप्रमाणे तोंड उघडून धापा टाकणारे मांजर संकटात आहे असे समजावे. त्याचे पंजे, पोट व कान साध्या पाण्याने ओले करावेत, वारा घालावा आणि पशुवैद्यकाकडे न्यावे. बर्फाचे पाणी अंगावर ओतू नये. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि शरीरातली उष्णता आतच कोंडते.

खाण्याची व्यवस्था

दार न उघडता ठेवल्यास शीतकपाट सुमारे चार तास अन्न सुरक्षित राखते. गच्च भरलेला बर्फाचा कप्पा त्याहून कितीतरी अधिक काळ टिकतो. मासे, शिजवलेले मांस, दूध किंवा ओल्या खाद्याचे उघडलेले पाकीट दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिले तर टाकून द्यावे. भर उन्हाळ्यात ही मर्यादा एका तासावर येते. ‘मांजर काहीही पचवते’ हा समज जुना असला तरी खरा नाही.

मराठवाड्यातील मांजर पिढ्यान्‌पिढ्या दूध-भाकरीवर आणि स्वतः मारलेल्या उंदरांवर जगत आले. यातील दुसरा भाग विसरला जातो. मांजर हा पूर्णतः मांसाहारी प्राणी असून त्याला लागणारे टॉरिन हे द्रव्य वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही. त्याच्या अभावी हृदयाचे स्नायू दुबळे होतात, हे १९८७ मध्ये अमेरिकेतील संशोधनातून स्पष्ट झाले. अर्थात दोन-चार दिवस दूध-भाकरी खाल्ल्याने हृदयविकार होत नाही. मात्र दूध न पचून जुलाब होतात आणि पाण्याच्या टंचाईत ते अधिक घातक ठरतात. उकडलेले अंडे, मसाला न घातलेली उकडलेली कोंबडी हा सोपा मार्ग. कांदा-लसणाचा रस्सा कटाक्षाने टाळावा, कारण त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. आठवडी बाजारातील सुकट चालते, पण ती धुऊन, भिजवून मीठ काढल्यावरच.

घाबरलेले मांजर खाणे सोडते. पहिल्या दिवशी त्याची फारशी चिंता नको. परंतु सलग दोन-तीन दिवस, विशेषतः अंगाने स्थूल मांजर, काहीच खात नसेल तर शरीरातील चरबी यकृतात साठून गंभीर आजार उद्भवतो. अन्न किंचित कोमट करून वास वाढवला तर पुष्कळदा ते तोंड लावते.

अंधारातले धोके

वादळातून सुखरूप राहिलेली मांजरे नंतरच्या दिवसांत दगावतात, तेव्हा त्याचे कारण बऱ्याचदा घरातच सापडते. मांजर आपले अंग सतत चाटून स्वच्छ करते. जे अंगाला लागेल ते पोटात जाते, हा एक नियम लक्षात ठेवला की पुढील बहुतेक गोष्टी आपोआप उलगडतात.

पाणी ओसरल्यावर फरशी फिनाइलने पुसण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. काळ्या फिनाइलमधील फिनॉलजन्य द्रव्ये मांजराचे यकृत निष्प्रभ करू शकत नाही. ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटले की तोंडात व्रण, लाळ गळणे, झटके अशी लक्षणे दिसू लागतात. फरशी साबणाच्या पाण्याने धुवावी. फिनाइल वापरायचेच असल्यास वाळेपर्यंत मांजराला दुसऱ्या खोलीत ठेवावे. रॉकेलची चिमणी, जनित्राचे डिझेल, इन्व्हर्टरच्या बॅटरीवर साचलेले आम्ल यांचेही तसेच. इन्व्हर्टरची जागा उबदार असल्याने पावसाळ्यात मांजर नेमके तिथेच जाऊन झोपते.

पंखा बंद, दारे-खिडक्या उघड्या, म्हणजे डासांचे राज्य. उदबत्तीसारखी जळणारी कॉइल बंद खोलीत मांजराजवळ लावू नये. माणसांसाठीचे डासांचे मलम त्याच्या अंगाला तर मुळीच चोळू नये. त्याहून घातक म्हणजे गोचीड-पिसवांसाठी कुत्र्याच्या मानेवर टाकायचे पर्मेथ्रिनयुक्त औषध. कुत्र्याला ते सोसते, मांजराला मात्र झटके येऊन ते मरू शकते. दोन्ही प्राणी एकाच कोपऱ्यात आसरा घेत असतील, तर कुत्र्यालाही हे औषध त्या दिवसांत लावू नये.

आणि पॅरासिटॅमॉल. भिजून तापलेल्या मांजराला घरातील तापाची गोळी मोडून देणारी माणसे वाईट नसतात, त्यांना कुणी सांगितलेले नसते एवढेच. हे औषध निकामी करण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फारच तोकडी असते. माणसाच्या अर्ध्या गोळीनेही रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता जाते, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, चेहरा सुजतो. अशी गोळी पोटात गेल्याचा संशय असला तरी लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यक गाठावा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा वापरणे अधिक शहाणपणाचे, कारण मांजराच्या शेपटीला मेणबत्तीचा मान राखता येत नाही. पावसाळी गारठ्यात बंद खोलीत शेगडी पेटवणे किंवा जनित्र घरात लावणे हे माणसांच्याही जिवावर बेतते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तुटलेली तार दिसल्यास ती मृत आहे असे गृहीत धरू नये. लोंबत्या तारेजवळ मांजर अडकले असले, तरी आधी महावितरणच्या १९१२ क्रमांकावर कळवून पुरवठा बंद झाल्याची खात्री करून घ्यावी.

पिल्ले आणि परागंदा मांजरे

मांजरी पिल्लांना सात घरे दाखवते, असे म्हणतात. गडगडाट आणि गळणारे छप्पर यांमुळे हा फेरा ऐन वादळात सुरू होतो. धाराशिवच्या गावठाणात अजून माळवदाची घरे आहेत. जाड भिंतींतले कोनाडे, सरपणाची खोली, बळद ही मांजरीची आवडती बाळंतघरे. किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने दगड-मातीच्या या घरांचे दौर्बल्य दाखवून दिले. संततधार पावसात मुरलेल्या पाण्यानेही अशी भिंत अवचित बसते. फुगलेली किंवा नवी भेग पडलेली भिंत दिसताच पिल्ले दुसरीकडे हलवावीत. हलवताना आई समोर असली आणि जुनीच चिंधी सोबत नेली, तर ती सहसा त्यांना परत उचलून नेत नाही.

चार आठवड्यांखालील पिल्लांना स्वतःचे तापमान नीट राखता येत नाही. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पाटीच्या एका बाजूस ठेवावी, म्हणजे ऊब नकोशी झाल्यास ती सरकून दूर जाऊ शकतात. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यावी, मग दूध. पाजताना त्याला पालथेच धरावे. उताणे धरल्यास दूध फुप्फुसात जाते.

बाहेर पळालेले मांजर बहुधा फार लांब जात नाही. पत्र्यांच्या ढिगाखाली, शेजारच्या माडीवर, कडब्याच्या गंजीत ते मुक्याने बसून राहते आणि हाक ऐकूनही उत्तर देत नाही. दिवसा आरडाओरडा करीत शोधण्यापेक्षा रात्री गलका थांबल्यावर बॅटरीच्या झोतात डोळ्यांची चमक शोधणे फलदायी ठरते. कडब्यात किंवा दगडांत हात घालण्यापूर्वी काठीने चाचपावे. पुरानंतर नाग, घोणस, मण्यारही कोरडी जागा शोधत घराकडे सरकलेले असतात. सापडलेले भेदरलेले मांजर ओळखीच्या माणसालाही चावते. तसे झाल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि रेबीजची लस घेण्यासाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

घर सोडण्याची वेळ आल्यास मांजर कशातून न्यायचे, हे आधी ठरलेले असावे. टोमॅटोची दोन प्लास्टिकची कॅरेट एकमेकांवर पालथी ठेवून सुतळीने बांधली तर उत्तम पिंजरा होतो. आत जुने पोते आणि वर ओले न होणारे कापड घालावे. पुढचा प्रश्न निवाऱ्याच्या जागेचा. अमेरिकेत २००५ मधील ‘कॅटरिना’ वादळात पाळीव प्राण्यांना मागे ठेवावे लागते म्हणून अनेकांनी घर सोडण्यास नकार दिला. त्यानंतर २००६ मध्ये तेथे स्थलांतराच्या योजनांत प्राण्यांचा समावेश सक्तीचा करणारा कायदा झाला. आपल्याकडे शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या तात्पुरत्या निवाऱ्यात मांजराला जागा द्यायची की नाही, हे त्या वेळी तिथे हजर असलेल्या माणसांच्या मर्जीवर असते. एखादा लहान वर्ग प्राणी घेऊन आलेल्या कुटुंबांसाठी वेगळा ठेवण्यास खर्च येत नाही. पावसाळ्यापूर्वी ग्रामपंचायतीत हा विषय काढणे अशक्य नाही.

वीज परत येते तेव्हा पहिल्या काही मिनिटांत दाब कमी-जास्त होतो. म्हणून वीज गेल्याबरोबर मुख्य स्विच बंद करून ठेवावा आणि पुन्हा चालू करण्यापूर्वी मांजर कुठे आहे ते पाहावे. शीतकपाटामागे, धुलाईयंत्राच्या आत, पाण्याच्या मोटारीच्या खोक्यात ते झोपलेले असू शकते. पुराचे पाणी शिरलेली उपकरणे वायरमनने तपासल्याशिवाय सुरू करू नयेत आणि तोवर त्या खोलीचे दार लोटलेले असावे.